झाडू विचारत नाही

३ मार्च, सोमवार

ठके,

वर आशीर्वाद लिहावेत की नाहीत या विचारात एक कागद खराब केला, म्हणून या दुसऱ्या कागदावर सरळ कामाचं लिहिते. फोन तू उचलत नाहीस. त्याबद्दल तक्रार नाही. पत्र निदान दाराच्या फटीतून आत येतं. मग वाच, नाहीतर फाड.

कारखान्यात वाईट झालं आहे. गुरुवारी दुपारी 'गुडघ्याखाली' या फोल्डरमधली मापं पुसली गेली. एक-दोन नाही, त्रेसष्ट माणसांची. लहानपणी तू तिथे बसून ओल्या प्लास्टरच्या गोळ्या वळायचीस, तेव्हा नकली पायाचं माप कसं घेतात ते तुला सांगायला नको. उरलेल्या पायावर प्लास्टर गुंडाळतात, वाळलं की अलगद काढतात. आता त्या साच्याचं स्कॅन होतं आणि नियमाप्रमाणे साचा फोडून टाकतात, कारण ठेवायला जागा नाही. म्हणजे स्कॅन गेलं की माणसाचा पायच गेला म्हण, दुसऱ्यांदा. बॅकअपचं विचारशील, म्हणून लिहिते. दुसरं मशीन दर पंधरा मिनिटांनी पहिल्याची हुबेहूब नक्कल करतं. पहिल्याने पुसलं, त्यानेही इमानाने पुसलं.

आता हे कोणी केलं, यावर चौकशी आहे. २४ तारखेला. मशीनच्या नोंदीत दुपारी एक वाजून दहा मिनिटं, लॉगिन प्लास्टरमास्तरांचं, कमांड 'झाडू' एवढंच आहे. मास्तर म्हणजे तुझे काका, ज्यांच्या खांद्यावर बसून तू गिरणीच्या भोंग्याची नक्कल करायचीस. एकतीस वर्षं माणसांचे पाय हातात घेतले त्या माणसाने. तुझ्या बाबांचं पहिलं मापही त्यांनीच घेतलं होतं. आता त्यांना मापावरून काढून गोदामात बसवणार, असं मॅडमच्या बोलण्यात आलं. कारखाना चालवतात त्या, त्यांनाही वरून कुणीतरी विचारतंच. पण मास्तरांना गोदामात बसवणं म्हणजे न्हाव्याला केस मोजायला बसवणं.

मी तेव्हा जेवायला गेले होते, त्यामुळे मला फार माहिती नाही.

पण एवढं माहीत आहे की चूक झाडूची आहे, मापं पुसणाऱ्या त्या प्रोग्रॅमची. आणि बाबांच्या माघारी झाडू आता तुझा आहे. तुझ्या बाबांनी लिहिलेला झाडू आधी विचारायचा, 'कोणाचे?' आपण नाव लिहायचं, मग तो तेवढंच पुसायचा. आता कमांडच्या काळ्या खिडकीत एकच ओळ आली, '६३ पुसले', आणि संपलं. ना विचारणं, ना थांबणं. तू तो प्रश्न काढलास. तो परत घाल, आणि २४ च्या आत मॅडमना लिहून कळव की दोष माणसाचा नाही, झाडूचा आहे.

एवढंच मागायला लिहिलं. थंडी कमी झाली असेल तिकडे.

आई


११ मार्च, मंगळवार

ठके,

तुझं उत्तर शनिवारी मिळालं. टाइप केलेलं, खाली सही नाही. ठीक आहे. सहीची मलाही घाई नाही.

तू लिहिलंस की प्रश्न हौसेने काढला नाही. त्या मोठ्या कारखान्याची हकीकत मला पहिल्यांदाच कळली. महिन्याला चारशे पाय करतात, त्यांच्या बाईने झाडू सुट्टीच्या दिवशीही आपोआप चालावा अशी व्यवस्था केली होती. झाडू वेळेवर उठला, म्हणाला, 'कोणाचे?' आणि रिकाम्या खोलीत दोन दिवस उत्तराची वाट बघत बसला. नाव आधीच लिहून द्यायची सोय तुझ्या बाबांनी ठेवलेलीच नव्हती. मशीनमधली जागा संपली, सोमवारची सतरा मापं साठलीच नाहीत, आणि साचे फोडून झालेले. एका म्हाताऱ्याचे टाके ताजे होते, दुसऱ्यांदा प्लास्टर काढताना उसवले. त्या बाईने तुझ्या बाबांना चार वेळा लिहिलं. चारही वेळा त्यांनी कळवलं की विचारणं हे झाडूचं कामच आहे.

हे त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. म्हाताऱ्याचं तर नाहीच.

मग तू लिहितेस, 'बाबांनी झाडू तुझ्यासाठी लिहिला होता, आई. वापरत मात्र अकरा कारखाने होते.'

हे वाक्य वाचून मी पत्र ठेवून दिलं आणि भाजी चिरायला घेतली. सगळी चिरून झाल्यावर परत वाचलं. राग गेला नव्हता, पण वाक्यही खोटं नव्हतं. मी नोंदवहीच्या कामाला लागले तेव्हा काळी खिडकी बघून मला घाम फुटायचा. सातवीत शाळा सुटलेली बाई, जे वाचायला शिकले ते रद्दीतल्या मासिकांवर आणि तुझ्या बाबांच्या मशीनच्या पुस्तकांवर, शब्दकोश मांडीवर घेऊन. त्यांनी सांगितलं, "काही लक्षात ठेवू नकोस. नुसतं झाडू लिही, एंटर दाब. पुढचं तो विचारेल." मी म्हटलं, "घरात कधी झाडू हातात धरला नाहीत, आणि इथे लिहीत बसलात!" ते आठवडाभर हसत होते.

तरी एक मला पटत नाही. यंत्राला प्रश्न नको, कबूल. त्या बाईला रोज काम संपलेल्या मापांचा अख्खा फोल्डर साफ करायचा असतो, हेही कबूल. पण 'नाव दिलं नाही तर सगळे' हे कुठून काढलंस? मी दुकानात जाऊन काही न बोलता उभी राहिले, तर वाणी मला अख्खं दुकान बांधून देतो का?

आणि शेवटी तू विचारलंस ते. '६३ पुसले' ही ओळ नोंदीत राहत नाही, फक्त पडद्यावर दिसते, मग ती मला कोणी सांगितली? मास्तरांनी सांगितली असेल. आता नेमकं आठवत नाही.

मास्तरांचं बरं नाही. काल हात धुताना मला म्हणाले, "वहिनी, मीच केलं असेन." मी म्हटलं, "असेन काय? केलं असेल तर आठवेल ना." तर म्हणाले, "अहो, ही माझी बोटं बघा. काय दाबतात, मला तरी कुठे कळतं?" आणि साबण परत परत लावत राहिले.

तेरा दिवस उरलेत. मॅडमना लिहिलंस का?

आई


१७ मार्च, सोमवार

ठके,

तुझं दुसरं पत्र आलं नाही. येणार नाही असं धरून लिहिते, म्हणजे लिहायला सोपं जाईल.

मी जेवायला गेले नव्हते.

बाकी सगळे गेले होते. मास्तर त्यांचं लॉगिन उघडं टाकून गेले होते, ते रोजच टाकतात, आणि आम्ही सगळेच त्यावर काम करतो. माझ्या मशीनवर संगणकवाला काहीतरी बसवायला लावून गेला होता. मला एका माणसाचं माप पुसायचं होतं. तुला नियम माहीत असेल, माणूस गेल्याला वर्ष झालं की त्याचं माप काढून टाकायचं. ती यादी माझ्याकडे असते. महिन्यातून एखादं नाव निघतं, कधी दोन. मी मास्तरांच्या खुर्चीत बसले. झाडू लिहिलं. एंटर दाबलं. आणि तो विचारेल म्हणून हात मांडीवर घेतले.

तो बोललाच नाही. '६३ पुसले' म्हणाला.

मी उठले, खुर्चीवरची उशी पूर्वीसारखी सरळ केली आणि डबा घेऊन जेवायच्या खोलीत जाऊन बसले. उशी सरळ केली हे मला जास्त टोचतं. पुसणं चुकून झालं. उशी मी जाणूनबुजून सरळ केली.

आता नव्या झाडूचं. आमच्याकडे तो फेब्रुवारीतच बसवला. सूचनेचं पान सगळ्यांना वाटलं होतं आणि वाचल्याची सही घेतली होती. तू मला ओळखतेस. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा मी दोन्ही बाजूंनी वाचते. ते पान वाचलं नाही, कारण वरच तुझं नाव होतं. दुमडलं, नोंदवहीत ठेवलं, सही केली. परवा उघडून बघितलं. चौथ्या ओळीत स्वच्छ लिहिलं आहेस, 'नाव न दिल्यास फोल्डरमधील सर्व मापे पुसली जातील.' चांगलं, सोपं लिहिलं आहेस. कोणालाही कळेल असं.

मग झाडूवर खापर कसं फोडू? आणि सगळंच माझ्यावर तरी कसं घेऊ? नवखी असते तर भीतीपोटी पान वाचलं असतं. तरबेज असते तर नाव लिहिलं असतं. मी दोन्ही नाही. पंधरा वर्षं एकच सवय लावलेली बाई मी. तुझ्या बाबांनी लावलेल्या सवयीवर तू दुसरा झाडू ठेवलास, आणि मी अंधारात ओळखीची पायरी समजून पाय टाकला.

आणखी एक बघितलं. जुना झाडू नाव लिहिल्यावर 'नक्की?' असंही विचारायचा, आठवतं? मास्तर त्यावर न वाचताच 'हो' लिहायचे. पुढे पुढे तर झाडूच्या आधीच त्यांचं 'हो' लिहून तयार असायचं. मीच त्यांना हसायचे. तेव्हा नुसता प्रश्न परत घाल म्हणून मी तुझ्या मागे लागले, तेही अर्धवटच होतं. रोज तोच प्रश्न विचारला की तो कोणाला ऐकू येत नाही, घरातल्या खोकल्यासारखा.

मग काय करायचं ते मला माहीत नाही. पण पुसण्याआधी कोणाकोणाची नावं जाणार ते तरी दाखव. आणि पुसलेलं लगेच बाहेर फेकू नकोस. घरातला कचरासुद्धा गाडी येईपर्यंत दाराशी असतो. चुकून गेलेली वाटी त्यातून उचलता येते.

२४ ला मी काय बोलणार ते अजून ठरलेलं नाही. मास्तर बोलले नाहीत तर मीही बोलणार नाही, असं काल वाटत होतं. हे काम गेलं तर नऊ ते पाच मी कुठे असायचं? घरी नुसती घड्याळं आहेत.

कोणाचं माप पुसायचं होतं ते महत्त्वाचं नाही.

आई


२३ मार्च, रविवार

ठके,

कुरियरवाला काल पाकीट देऊन गेला. एवढ्या मोठ्या पाकिटात एवढासा कागद, आणि त्यावर तुझ्या हाताने एकच शब्द.

'कोणाचे?'

उत्तर तुला माहीत आहे. तारीख मी पहिल्याच पत्रात लिहिली होती, गुरुवार. मागच्या वर्षी २६ फेब्रुवारीला ते गेले. यंदा २७ ला यादीत नाव निघालं. एकच नाव होतं. डावा पाय, गुडघ्याखाली, मास्तरांनी घेतलेलं शेवटचं माप.

मॅडम म्हणाल्या होत्या, "राहू द्या, हे मी करते." मीच नको म्हटलं. सगळ्यांची मी पुसते, मग यांचं का नाही?

पण नाव टाइप करायचं होतं, ठके. त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मला वाटलं, आधी झाडू लिहू, तो विचारेल 'कोणाचे?', तेवढा एक श्वास मिळेल, मग लिहू. तेवढ्यासाठी मी नाव मागे ठेवलं. एका प्रश्नाच्या उसंतीसाठी बासष्ट लोकांचे पाय गेले. आणि तेही गेले.

आता ते दुसरं लिहिते, जे तिन्ही पत्रांत टाळलं. मागच्या मार्चमध्ये, ते जाऊन वीस दिवस झाले होते, तू स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसली होतीस. खुंटीवर त्यांची कुबडी तशीच होती. तू म्हणालीस, "आई, झाडूतला तो प्रश्न मी काढतेय. लोक अडलेत." आणि मी म्हणाले, "त्यांच्या मरणाचीच वाट बघत होतीस."

तू लॅपटॉप मिटलास, पिशवीत घातलास, चप्पल घातलीस. मी भांडी घासत राहिले. थांब म्हणाले नाही.

ते वाक्य खोटं होतं. बोलतानाही मला ठाऊक होतं. खरं एवढंच होतं की घरात त्यांचा आवाज राहिला नव्हता, आणि त्या काळ्या खिडकीत एक शब्द उरला होता. महिन्यातून एकदा कोणीतरी मला त्यांच्यासारखं विचारायचं. तो तू काढणार म्हटल्यावर माझा तोल गेला. तुला अडलेली माणसं दिसत होती, टाके उसवलेला म्हातारा दिसत होता. मला तेव्हा माझ्यापलीकडे काही दिसत नव्हतं.

वाक्य परत घेते. झालं ते पुसता येत नाही, पण परत घेते.

आज दुपारी मास्तरांच्या घरी गेले होते. उद्या घालायचा सदरा त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकला होता, इस्त्री केलेला. बायको म्हणाली, "तीन दिवस जेवले नाहीत नीट." मास्तर म्हणाले, "वहिनी, मी उद्या कबूल करून टाकतो. उगाच कशाला ताणायचं? मॅडमनाही त्रास." मी तोंड उघडलं. आणि चहा छान झालाय म्हणाले.

उद्या दहा वाजता आहे.

आई


२४ मार्च, सोमवार, संध्याकाळ

ठके,

घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

मॅडमच्या खोलीत आम्ही चौघं. मॅडम, संगणकवाला, मास्तर आणि नोंदी सांगायला म्हणून मी. मॅडमनी विचारलं, "मास्तर, कमांड तुम्ही दिलीत?"

"दिली असेल."

"असेल म्हणजे?"

"माझी बोटं जाडी आहेत, मॅडम. एक कळ दाबायला जातो, दोन दाबल्या जातात."

संगणकवाला हसला. त्या हसण्याने माझं ठरलं. मी म्हटलं, "जाड बोटांनी 'झाडू' हा अख्खा शब्द चुकून लिहिला जात नाही. तो मी लिहिला."

मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, खाली बसा." मग मॅडमना म्हणाले, "यांचं मनावर घेऊ नका. वर्ष झालंय परवा. मला वाचवायला बघताहेत." मॅडमच्या चेहऱ्यावरही तेच होतं, कीव आल्यासारखं. इतके दिवस खोटं बोलले ते सगळ्यांनी मानलं, आणि खरं बोलले तर कोणी घेईना!

मग मला तुझा प्रश्न आठवला. मी म्हटलं, "ज्याने केलं त्याने पडदा बघितला असेल. पडद्यावर काय आलं ते आम्हा दोघांना विचारा. आधी त्यांना."

मास्तर गडबडले. "काहीतरी आलं की... बरंच काही आलं. वाचलं नाही मी."

"एकच ओळ आली," मी म्हटलं. "'६३ पुसले.'"

संगणकवाल्याने लॅपटॉपवर झाडू उघडून बघितला. बराच वेळ बघितला. आता हसत नव्हता. "बरोबर आहे," म्हणाला. "ही ओळ कुठेही साठत नाही. समोर बसलेल्यालाच दिसते."

मी सगळं सांगितलं. लॉगिन, उशी, न वाचलेलं पान. कोणाचं माप होतं तेही. मास्तरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्या नजरेबद्दल मी लिहू शकत नाही. तीन आठवडे त्यांनी स्वतःच्या बोटांवर संशय घेतला होता, ठके, आणि मी रोज त्यांच्या शेजारी बसून जेवत होते.

मग मॅडमनी एक कागद काढला. तुझा. मला वाटलं होतं तू लिहिलंच नाहीस. त्यांनी मोठ्याने वाचला. 'नाव नसेल तर सगळे, हा निर्णय माझा होता. रोज झाडू चालवणाऱ्यांचे दोन शब्द लिहायचे वाचावेत म्हणून मी तो घेतला. जे महिन्यातून एकदा बसतात त्यांच्या हाताला जुनी सवय आहे, हे मला माहीत होतं. माझ्या घरातच माहीत होतं. सूचनेत एक ओळ लिहून मी मोकळी झाले. चूक करणारी व्यक्ती कोणीही असो, तिच्याबरोबर माझंही नाव लिहावं.'

चूक करणारी व्यक्ती कोणीही असो. पत्राची तारीख १९ होती. माझं कबुलीचं पत्र हातात असताना लिहिलंस, आणि माझं नाव घातलं नाहीस. सांगायचं ते मीच सांगावं म्हणून जागा सोडलीस.

शिक्षा सांगते. लेखी ताकीद. आणि वर्षभर शेजारी कोणी बसलेलं असल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. काम राहिलं.

उठताना मास्तरांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. मॅडम म्हणाल्या, "हे काय?"

"टाकीखालच्या खोलीची. साचे आहेत तिथे. सगळे नाहीत. हाताने काढलेला पाय मला फोडवत नाही, मॅडम."

"फोडायचा नियम आहे ना?"

"आहे ना. पहिल्या दिवसापासून मोडतोय."

म्हणजे बघ, तेही तीन आठवडे गप्पच होते. किल्ली दाखवली तर नियम मोडल्याचं बाहेर आलं असतं. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून एकमेकांपासून लपवत डबा खात होतो.

दुपारभर मोजले. त्रेसष्टांपैकी एक्केचाळीस सापडले. बावीस नाहीत. त्या बावीस जणांना पत्रं माझ्याच हाताने लिहायची आहेत.

मास्तर जाताना माझ्याशी बोलले नाहीत.

आई


९ एप्रिल, बुधवार

ठके,

नवा झाडू सोमवारी आला. या वेळी सूचनेचं पान आधी वाचलं, दोन्ही बाजूंनी, मागची बाजू कोरी होती तरी.

नावं आधीच लिहून दिली तर तो काही न विचारता काम करतो, म्हणजे तुझ्या मोठ्या कारखान्याच्या बाईचा खोळंबा नाही. यंत्राने नाव न देता चालवला तर वाट बघत बसत नाही, 'नाव हवे' असं सांगून लगेच बाहेर पडतो. सगळे हवे असतील तर 'सगळे' असं लिहावं लागतं, गप्प राहून मिळत नाहीत. समोर माणूस असेल आणि त्याने नाव दिलं नसेल, तर विचारतो. आणि पुसलेलं तीस दिवस दाराशी ठेवतो. 'नक्की?' तू पूर्ण काढलंस ते बरं केलंस. मास्तरांचं 'हो' आता बेकार झालं.

बावीसपैकी एकोणीस जण येऊन गेले. पहिली बस कंडक्टर बाई. तिचा पाय अजून हुळहुळा आहे, प्लास्टर काढताना तिने टेबलाची कड घट्ट धरली. मी समोर उभी राहिले, कारण हे माझ्यामुळे आहे हे तिला मी पत्रात लिहिलं होतं. ती म्हणाली, "पहिल्यांदा बसने नेला, दुसऱ्यांदा तुम्ही नेलात. आता तिसऱ्यांदा कोणाला देऊ?" मला हसू आलं नाही. तिला आलं. मग म्हणाली, "उभ्या काय राहिलात, पाणी द्या."

मास्तर दोन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलले. 'हे धरा', 'तो कागद द्या', एवढंच. वहिनी म्हणत नव्हते. मग परवा एक साचा फडक्यात गुंडाळून माझ्या टेबलावर आणून ठेवला. आतल्या बाजूला पेन्सिलीने त्यांच्या अक्षरात तारीख आणि 'डावा'. "स्कॅन करून परत फोल्डरमध्ये घातलंय," म्हणाले. "सगळ्यांची घातली, यांचंच कसं वगळू? आता नियमाने काढायचं तर काढा, वहिनी."

आज काढलं. दुपारी, एक वाजता. मास्तर शेजारच्या खुर्चीत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, वर्गातल्या मुलासारखे. मी झाडू लिहिलं. एंटर दाबलं. हात मांडीवर घेतले.

'कोणाचे?'

तू शब्द तोच ठेवलास. तुझ्या जागी मी असते तर ठेवला नसता.

मी नाव लिहिलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. एक अक्षर चुकलं, खोडून परत लिहिलं. खाली आलं, 'एक माप. डावा, गुडघ्याखाली. ९ मे पर्यंत बाजूला ठेवले आहे.' मास्तर म्हणाले, "झालं?" मी म्हटलं, "झालं." त्यांनी डबा उघडला आणि अर्धी पोळी माझ्या झाकणात ठेवली.

९ मे पर्यंत एक शब्द लिहिला तर माप परत येतं, असं पानावर लिहिलं आहेस. मी परत आणणार नाही. ते जायला हवं. पण त्या दिवशी मी मशीनसमोर बसणार आहे, आणि नियमाप्रमाणे शेजारी कोणीतरी लागतं. मास्तरांना मी अजून विचारलेलं नाही.

ती खुर्ची रिकामी ठेवली आहे. ९ मे ला शुक्रवार आहे.

अनेक आशीर्वाद.

आई